दोन पेडल, दोन पाय

३ मार्च

ति. ताईस, सा. न. वि. वि.

माझी उशी गेली. आज चार दिवस झाले, घास घशाखाली उतरत नाही.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नव्या मॅनेजरीणबाई आल्या आहेत. त्यांनी आल्या आल्या सगळ्या गाड्या आतून धुऊन काढल्या आणि शिकवणाऱ्याच्या सीटवरची माझी सतरा वर्षांची उशी कचऱ्यात टाकली. विचारलं तर म्हणाल्या, "सर, दिसायला बरं दिसत नाही." मी म्हटलं, बाई, तिच्यावर बसायचं असतं, तिच्याकडे बघत बसायचं नसतं. त्यावर त्यांनी मला एक फॉर्म दिला. उशी हवी असल्यास मागणी करावी आणि कारण स्पष्ट लिहावं. मी एका शब्दात स्पष्ट लिहिलं. फॉर्म परत आला, 'शब्द बदलावा' असा शेरा मारून.

या उशीवर बसून मी साडेतीन हजार माणसांना गाडी शिकवली. सत्तावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कुणाला धडक दिली नाही, निदान माझ्या देखत नाही. हा इतिहास बाईंना ठाऊक असता तर उशी काचेच्या कपाटात ठेवली असती.

तर अशा दुःखात तुझं पत्र हातात पडलं.

तू गाडी घेतलीस. ठीक. गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, म्हणून बिनक्लचची घेतलीस. तेही ठीक. पण बाजारात तशा शहाण्यासारख्या, चार दारांच्या, बिस्किटाच्या डब्यासारख्या दिसणाऱ्या ढीगभर गाड्या असताना तू घेतलीस ती दोनच माणसं बसणारी, जमिनीला पोट घासत जाणारी, लिंबाच्या रंगाची स्पोर्ट्स कार! एकसष्टाव्या वर्षी! या वयात लोक बागेतलं रिकामं बाक शोधतात. आणि घेतलीस कुणाकडून, तर तुझ्याच हॉस्पिटलातल्या हाडांच्या सर्जनकडून, कारण त्याला तिच्यातून उतरता येईना. हाडांच्या डॉक्टरला! ताई, ती धोक्याची सूचना होती. तू जाहिरात समजलीस.

तुझ्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी भाचेसाहेबांचा ईमेल आला. विषय: 'आईच्या वाहनासंदर्भात जोखीम मूल्यांकन'. मुलाला विमा कंपनीत जोखीम मोजायच्या कामाला लावलं की आईसुद्धा रकान्यात जाऊन बसते. मजकूर असा, की मामा, तुम्ही या धंद्यातले. एप्रिलअखेरपर्यंत आईच्या शेजारी बसून बघा आणि ती ही गाडी सुरक्षित चालवू शकते असं लेखी द्या. दिलंत तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, गाडी विकून टाकू.

आणि घरात रोज कटकट नको म्हणून तू ही अट मान्य केलीस. फोन न करता पत्र लिही असं का म्हणतेस तेही कळलं. काळजीपोटी त्यानं तुझा फोन आपल्या फोनला जोडून ठेवलाय, तू कुठे जातेस आणि कुणाला काय लिहितेस ते सगळं त्याला दिसतं. पाकीट अजून कुणाला जोडता आलेलं नाही.

तेव्हा घाबरू नकोस. सही माझी आहे. तुझं कुठे अडतं ते सविस्तर लिही. ड्रायव्हिंग हा विषय माझ्यापुढे हात बांधून उभा असतो.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

उशीबद्दल वाईट वाटलं. तिनं सतरा वर्षं जे सोसलं त्याबद्दल जास्त वाटलं.

बागेतल्या बाकाचं म्हणशील, तर बसायची मला सवय नाही. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी होते. कात्री म्हटलं की कात्री, चिमटा म्हटलं की चिमटा. सर्जननं न बघता हात पुढे करायचा, मी त्यात वस्तू ठेवायची. लागेल ती वस्तू मागायच्या आधी माझ्या हातात तयार असायची, पण एकही मी स्वतः चालवली नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि टाळ्या वाजवल्या. मला घड्याळ नको होतं रे. मला काहीतरी चालवायचं होतं.

आता गाडी. तिच्यात बसणं म्हणजे पडणं आणि उतरणं म्हणजे बाळंतपण. मधल्या वेळात मात्र स्वर्ग आहे. गिअरचा दांडा नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती आहेत, चमच्याच्या दांडीएवढी. उजवं ओढलं की गिअर वर जातो, डावं ओढलं की खाली येतो. बोटाच्या पेरानं होतं काम. पहिल्या दिवशी इंडिकेटर समजून मी डावं पातं ओढलं. गाडी अशी ओरडली, की समोरच्या इमारतीतले तिघे गॅलरीत आले. एकानं टाळी वाजवली. दोन्ही पाती एकदम ओढली की न्यूट्रल होतं. हे पुस्तकात वाचायच्या आधी मला चढावर कळलं.

चिरंजीव शेजारी बसतात ते सीटबेल्ट दोनदा तपासून, डोळे मिटून. सूनबाई तटस्थ आहेत. म्हणजे ते घरात असले की तटस्थ. ते ऑफिसला गेले की विचारतात, "आई, मला एक चक्कर मारून आणाल?"

एकच विचारायचंय. क्लच नाही, मग डाव्या पायाचं काय करायचं? तो सारखा काहीतरी शोधत असतो. हॉस्पिटलला जायच्या-यायच्या जुन्या गाडीत तीस वर्षं क्लचवर नोकरीला होता बिचारा, निवृत्त झाल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याला कुठे ठेवू?

तुझी,
ताई


११ मार्च

ति. ताईस, सा. न.

डाव्या पायाचा प्रश्न वाचून हसू आलं. नवशिक्यांचे हे प्रश्न फार गोड असतात.

अशा गाड्या मी भरपूर हाताळल्या आहेत, तेव्हा नीट ऐक. त्या पात्यांचा बाऊ करू नकोस. ती नुसती नटवी आहेत. गिअर शेवटी गिअरच. इंजिनाचा आवाज चढला की वर, दम लागल्यासारखा झाला की खाली. वळणाच्या आधी खाली घ्यायचा, प्रत्यक्ष वळणात हात शांत ठेवायचे. पाती आवळून धरू नकोस, नाजूक चिमटा धरतेस तशी धर.

आता पाय. तो रिकामा बसवू नकोस. रिकामा माणूस आणि रिकामा पाय, दोघांना भलतंच सुचतं. गाडीत पेडल किती? दोन. तुला पाय किती? दोन. निसर्गानं हिशोब जुळवूनच पाठवलंय. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर. माझंच बघ. शिकवणाऱ्याच्या बाजूला आमच्या गाडीत क्लच आणि ब्रेक अशी दोनच पेडल असतात, एकेका पायाला एकेक. सत्तावीस वर्षं तसाच बसतोय, काही बिघडलं नाही.

मी दोन एप्रिलच्या सुमाराला येतो, शेजारी बसतो, सही ठोकतो. भाचेसाहेबांना सांग, नवा रकाना आखून ठेवा.

उशीच्या फॉर्मवर मी शब्द बदलला. आधीचा बरा होता, असा निरोप आला.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

बातमी तुला कळलीच असेल. चिरंजीव रिपोर्ट लिहिण्यात तरबेज आहेत. तरी माझी बाजू ऐक.

आठ दिवस रोज सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव केला. पाती छान जमली. बोटांना सांगावंसुद्धा लागेना. डावा पाय, तुझं पत्र आल्यापासून, तू सांगितलंस तसा ब्रेकवर. हळू वेगात सगळं ठीक चाललं होतं, म्हणून रविवारी मीच म्हटलं, चला चिरंजीव, मोठ्या रस्त्यावर. ते आले. हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन आले. म्हटलं, वा, विश्वास बसतोय.

पुलावरून उतरलो. चौथा गिअर, तिसरा. सिग्नल पिवळा झाला. मी उजवा पाय उचलला, आणि डाव्या पायाला वाटलं, आता आपलं काम. तीस वर्षं सिग्नल आला की तो काय करत आला? तळापर्यंत दाबत आला. त्यानं इमानेइतबारे तळापर्यंत दाबलं. फक्त तिथे आता क्लच नव्हता.

गाडी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी थांबली. कॉफी चिरंजीवांच्या शर्टावर. मागून एका लाँड्रीची व्हॅन येत होती, ती आमच्या बंपरवर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बंपर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला. व्हॅनवाला उतरला, त्यानं बंपर बघितला, मग शर्ट बघितला आणि म्हणाला, "साहेब, शर्ट देता का? गुरुवारी घरपोच देतो."

मला हसू आवरेना. तिथेच घोटाळा झाला. धडक त्यांनी माफ केली असती, हसणं नाही केलं.

घरी आल्यावर ते आत गेले. मग शर्ट बदलून आले आणि म्हणाले, "आई, ब्रेकवर डावा पाय ठेवायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. माझा मीच ठेवला."

"अगं, मामाला तरी विचारायचंस! घरात मास्तर आहे आपल्या!"

"हो रे," म्हटलं, "चुकलंच माझं."

किल्ली त्यांनी घेतली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार म्हणाले. तुझ्या सहीवर अजून सगळं आहे. म्हणून तुझं नाव घेतलं नाही. सही करणाराच कच्चा निघाला तर सहीला काय अर्थ? तेव्हा तू ये. आणि तो डावा पाय नक्की कुठे ठेवायचा, ते एकदा पुन्हा नीट विचार करून कळव.

तुझी,
ताई


२४ मार्च

ति. ताईस, सा. न.

कुणाला लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. बंपर काय, बदलता येतो. भाचेसाहेबांचा शर्टही धुऊन निघेल. त्यांच्याकडे तसे सातच रंग आहेत आणि सातही राखाडी.

आता धंद्याच्या भाषेत बोलतो, राग मानू नकोस. मी डावा पाय ब्रेकवर 'ठेव' असं लिहिलं होतं. 'दाब' असं कुठेही लिहिलेलं नाही. पत्र तुझ्याकडेच आहे, काढून बघ. ठेवणं आणि दाबणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि ब्रेकच्या बाबतीत तो फरक लगेच जाणवतो. माझी पद्धत बरोबरच आहे. ती अंगी बाणायला काहींना वेळ लागतो इतकंच. मी आठवड्यात चाळीस जणांना शिकवतो, त्यावरून सांगतो: पंचविशीतलं पोर चार दिवसांत जे उचलतं, त्याला साठीनंतर चार महिने लागतात. वयाचाही भाग असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शिवाय गुडघ्यात धातू. धातूला काय कळणार पेडल किती दाबायचं ते?

दोन एप्रिलचं मात्र जमणार नाही. मॅनेजरीणबाईंनी रजेचाही फॉर्म काढलाय. बघतो, महिन्याच्या मध्याला जमवतो.

तुझा,
धाकटा


२९ मार्च

चि. धाकट्यास,

'वयाचाही भाग असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.' चिरंजीव परवा जेवताना हेच म्हणाले. अक्षरशः हेच, स्वल्पविरामासकट. दोघांनी मिळून छापून आणलंत का?

गिऱ्हाईक रविवारी येऊन गेलं. उंच आहे. सीट पार मागे सरकवून बसला, पाती ओढून बघितली, म्हणाला, "मस्त खेळणं आहे." बंपर नवा बसवून तीस एप्रिलला गाडी न्यायचं ठरलं. तो गेल्यावर मी चिरंजीवांना म्हटलं, किल्ली दे जरा, सीट माझ्या मापाची करून ठेवते. ते म्हणाले, "आता कशाला?"

पाच फूट दोन इंचांच्या बाईची गाडी आता सहा फुटांच्या माणसाच्या मापाची होऊन खाली उभी आहे. गॅलरीतून दिसते.

तू यायची घाई करू नकोस. तुला रजेचे फॉर्म भरायचे असतील.

ताई


१७ एप्रिल

चि. भाचेसाहेबांस, अ. आ.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय. दार लावून घे आणि वाच. ईमेल करणार होतो, पण ईमेल तू फाइलला लावशील. हे फाडून टाकता येईल.

तुझ्या आईचं तीन आठवड्यांत पत्र नाही. बालपणापासून तिचा हा प्रकार आहे. ती भांडत असली की सगळं ठीक असतं. गप्प झाली की आपलं काहीतरी चुकलेलं असतं. मी आधी इतर सगळ्यांची काय चूक आहे ते तपासून पाहिलं. त्यात दोन आठवडे गेले.

मग गेल्या मंगळवारी मी महागड्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी विक्री विभागात आहे. बारा वर्षांपूर्वी गाडी मागे घेताना ती रडायची. तिला म्हटलं, पात्यांची गाडी जरा चालवून बघायची आहे, सहज. तिनं निळी काढली, शेजारी बसली. मी मास्तरासारखा बसलो. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर. दोन पेडल, दोन पाय. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडलो, पहिलाच सिग्नल आला आणि मी गाडी अशी थांबवली, की तिची फाइल पुढच्या काचेवर जाऊन आपटली.

मागे कुणी नव्हतं. लाँड्रीची व्हॅन प्रत्येकाच्या नशिबात नसते.

ती पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, डावा पाय मागे ओढून घ्या. सीटखालीच घालून ठेवा. क्लचवाले सगळे पहिल्यांदा हीच चूक करतात. दोन्ही पाय वापरायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी म्हटलं, "आहे एक मास्तर. ओळखीतला."

"त्याला सोडा," ती म्हणाली.

त्यानंतर तीन दिवस मी तिच्याकडे शिकतोय. रोज डबा खायच्या सुट्टीत, पाऊण तास. चोपन्नाव्या वर्षी मला "सर, आरसा बघा" असं सांगितलं जातं, आणि तिच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येतो. मी इतका तुसडा वाटत असेन अशी कल्पना नव्हती. तीन दिवसांत पाय वळणावर आलाय, पण अजून सिग्नल दिसला की सीटखाली चुळबुळ करतो. तुझी आई एकटीनं रिकाम्या पार्किंगमध्ये आठ दिवसांत पाती शिकली. मला अजून वळणाच्या आधी उजवं की डावं ते आठवावं लागतं. वयाचा भाग तुझ्या रकान्यात कसा बसवायचा ते तूच ठरव. माझ्या हिशोबानं तो उलटा पडतोय.

आता मुद्द्याचं. तुझ्या आईनं तुला सांगितलं, की डावा पाय ब्रेकवर तिचा तिनंच ठेवला. खोटं आहे ते. मी सांगितलं होतं. तिनं मला सरळ विचारलं होतं, पाय कुठे ठेवू, आणि तोवर अशी एकही गाडी मी चालवलेली नव्हती. एका प्रदर्शनात एकीत बसलो होतो, तेही रखवालदारानं उठवेपर्यंत. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द लिहायचे होते. मी त्याऐवजी दोन पानं लिहिली. ती नवशिकी नव्हती. तिचा पाय तीस वर्षं जे शिकला ते त्यानं केलं, आणि त्याला भलत्या पेडलवर बसवणारा मी.

तिनं माझं नाव का झाकलं ते तुला सांगायला नको. एक तर सही माझी हवी होती. दुसरं, मी नापास झालो तेव्हा शाळेची प्रगतिपुस्तकंसुद्धा तीच झाकायची.

तुझ्या कामात चालकाचं वय, गाडीचं वय, रस्त्याची रुंदी असे रकाने असतात. शिकवणाऱ्याचं अज्ञान असा रकाना बहुधा नसेल. घालून घे. माझं नाव पहिलं लिही.

सहीबद्दल: जी गाडी मी मंगळवारी शिकायला लागलो, तिच्याबद्दल लेखी देण्याचा मला अधिकार नाही. तेव्हा ती अट तू विसर. तू स्वतः तिच्या शेजारी बस, तिला डावा पाय मागे घ्यायला सांग आणि डोळे उघडे ठेवून बघ. एवढं बघूनही विकायची असेल तर वीक, मी मध्ये पडणार नाही. न बघता मात्र विकू नकोस. तिच्या हातातली वस्तू चौतीस वर्षं दुसऱ्यांनी घेतली. आता तू घेऊ नकोस.

आणि हे पत्र आल्याचं तिला सांगू नकोस. ती मला खवळून पत्र लिहील, आणि खवळली की ती फार चांगलं लिहिते, माझं उत्तर फिकं पडतं.

तुझा,
मामा


२५ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. आ.

जिंकले.

मंगळवारी संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले आणि चहा घेत बसले. मी समोर जाऊन उभी राहिले आणि बोलले. पाच मिनिटंसुद्धा नाही. म्हटलं, तू लहानपणी सायकलवरून अकरा वेळा पडलास, मी सायकल विकली नाही. बास, इतकंच. त्यांनी पेला खाली ठेवला. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. खिशातून! म्हणजे घरी येतानाच आणली होती. माझ्या बोलण्याचा परिणाम इतका, की बोलायच्या आधीच झाला.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. बसल्यावर म्हणाले, "आई, डावा पाय मागे ओढून सीटखाली घाल. क्लचवाले सगळे पहिल्यांदा हीच चूक करतात." या मुलानं जन्मात क्लचच्या गाडीला हात लावलेला नाही. कुठून कळलं त्यांना, देव जाणे. पण बरोबर होतं. पाय मागे घेतला आणि सगळं सुटलं. एक पाय, दहा बोटं. पुलाच्या चढावर तिसऱ्यात घेतली, खाली चौकातल्या गोल वळणाच्या आधी टक करून दुसऱ्यात आणली आणि वळणातून अशी बाहेर काढली, की मला माझाच हेवा वाटला. सिग्नलला थांबले तेव्हा पेल्यातलं पाणी हललं नसतं.

मध्ये ते म्हणाले, "आई, गिअर जरा लवकर वर घे ना. किती आवाज येतोय."

मी म्हटलं, "तो आवाज यावा म्हणूनच घेतलीय गाडी."

तर हसले रे! डोळे उघडे ठेवून हसले. परत येताना बघितलं, प्रत्येक सिग्नलला त्यांचा स्वतःचाच पाय गाडीच्या तळाशी ब्रेक शोधत होता.

गिऱ्हाइकाला त्यांनी नाही म्हणून कळवलं. फोनही सोडवून दिला, म्हणाले, "तू कुठे आहेस ते आता गल्लीभर ऐकू येतंच." सीट मी माझ्या मापाची करून घेतली. सूनबाईंना रोज एक चक्कर मिळते. आता त्या उघडपणे माझ्या बाजूला आहेत.

तुझी सही काही लागली नाही. तेवढेच कष्ट वाचले तुझे. कधी रजा मिळालीच तर ये, फिरवून आणते. शेजारी बसून शिकवायला लागलास तर पुलावर उतरवीन.

तुझी,
ताई


२८ एप्रिल

ति. ताईस, सा. न. वि. वि.

अभिनंदन. सायकलीचं भाषण ऐकायला मी नव्हतो याची हळहळ वाटते. अकरा वेळा पडलेल्या मुलाला अकराच्या अकरा वेळा आठवण करून देण्यात जी कला आहे, ती आपल्या घराण्यात तुझ्याकडेच आली. किल्ली भाषणाच्या आधी खिशात कशी आली याचा फार विचार करू नकोस. मोठ्या वक्त्यांचं असंच असतं. आणि भाचेसाहेबांना क्लचचं ज्ञान कुठून झालं म्हणशील, तर हल्ली इंटरनेटवर काहीही मिळतं.

रविवारी सकाळी पोहोचतो. रजा मंजूर झाली. कारणाच्या रकान्यात 'शिकण्यासाठी' असं लिहिलं, तर मॅनेजरीणबाईंनी पहिल्यांदाच शेरा न मारता सही केली.

आणखी एक. ११ मार्चच्या पत्रात मी तुला डावा पाय ब्रेकवर ठेवायला सांगितलं, ते चूक होतं. अशा गाड्या भरपूर हाताळल्या असं लिहिलं, ते खोटं होतं. एकही हाताळली नव्हती. २४ मार्चच्या पत्रात तुझ्या वयाबद्दल आणि गुडघ्याबद्दल लिहिलं, ते दोन्हीपेक्षा वाईट होतं. 'ठेव' आणि 'दाब' यात काही फरक नव्हता, ताई. त्या दिवशी पाय तुझा होता, चूक सगळी माझी होती. हे तुला कधीच लिहायला हवं होतं.

तुझा,
धाकटा